पाऊस पडण्याआधी पाचोळा गोळा करा

मृग लागायला आता फार दिवस नाहीत. त्याआधी एक काम उरका, अशी पुण्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या शहरांतल्या प्रत्येक घराला कळकळीची विनंती आहे. दोन-तीन रिकाम्या गोण्या घ्या, खाली उतरा आणि इमारतीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला पडलेला वाळका पाचोळा भरून ठेवा. बाल्कनीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला, जिथे पाऊस लागणार नाही अशा कुठल्याही जागी त्या गोण्या राहू द्या.

पावसाळ्याचे चार महिने स्वयंपाकघरातला ओला कचरा घरातच जिरवायला हा पाचोळा लागणार आहे. पहिला दणदणीत पाऊस झाला की तो भिजून गटारात जातो आणि मग ऑक्टोबरपर्यंत कोरडं पान शोधून सापडत नाही. पाच जूनच्या पर्यावरण दिनाला भाषणं ऐकून उत्साहाने खताची बादली सुरू करणारी माणसं जुलैत ती बंद करतात, कारण घरभर वास सुटतो. वास सुटतो तो कोरडं घालायला काही नसतं म्हणून. दोष ना बादलीचा असतो ना माणसांचा. तेव्हा ही घाई पाचोळ्याची आहे.

पर्यावरणासाठी घरात काय काय करावं याच्या याद्या आता सगळीकडे मिळतात. बांबूचा ब्रश घ्या, स्टीलची स्ट्रॉ घ्या, कापडी पिशव्या घ्या. घ्या, घ्या आणि घ्या. वस्तू कमी करायच्या नावाखाली नव्या वस्तूंची ही खरेदी मला पटत नाही. लग्नामुंजीत वाटलेल्या कापडी पिशव्यांचा ढीग आज कित्येक घरांत माळ्यावर पडून आहे. कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला जे पाणी आणि जी वीज गेली, ती एक पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच वसूल होते. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ओला कचरा घरात थांबवा. ते झाल्याशिवाय बाकीचं सगळं शोभेचं आहे.

कारण साधं आहे. आपल्याकडे घरातून निघणाऱ्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो: भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न, देवावरची फुलं. चौघांच्या घरात दिवसाला अर्धा ते एक किलो. त्यातही बहुतेक भाग नुसतं पाणी. म्हणजे डिझेल जाळून, गाड्या भरून आपण शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी वाहून नेतो आणि त्याचा खर्च करातून भरतो. हाच ओला कचरा सुक्यात मिसळला की कागद भिजतो, प्लॅस्टिक बरबटतं, आणि विकलं गेलं असतं तेही मातीमोल होतं. त्यामुळे ओला वेगळा झाला की बाकीच्या कचऱ्याचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं कुठे गेला हे पुणेकरांना ठाऊक आहे, पण आठवायला आवडत नाही. एकेकाळी तो कोथरूडला टाकला जाई. कोथरूडला वस्ती वाढली, तिथल्या लोकांना वास नकोसा झाला आणि कचरा सासवड रस्त्याकडे, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत गेला. कोथरूडच्या कचरा डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीच्या वाट्याला मात्र एकशे त्रेसष्ट एकरांचे ढीग आले. पाऊस पडला की या ढिगांतून काळं पाणी झिरपतं. त्यात कुजलेल्या अन्नाचा आंबटपणा असतो आणि त्या आंबटपणात विरघळलेलं बॅटऱ्यांतलं, रंगांतलं, औषधांतलं काय काय असतं. ते जमिनीत उतरलं, विहिरींना लागलं आणि चांगल्या बागायती गावांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची वेळ आली. पुण्यात ज्या पावसाची आपण भज्यांचा घाणा काढून वाट बघतो, त्याच पावसाची तिथे धास्ती असते.

उन्हाळ्यात दुसरं संकट. हवा न लागता दबून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू सुटतो. वातावरण तापवण्याची त्याची ताकद, वीस वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीच्या आसपास आहे. शिवाय तो पेटतो. एप्रिल २०१७ मध्ये फुरसुंगीचा डेपो पेटला, तेव्हा गावकऱ्यांनी पुण्याच्या कचरागाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे पुण्यातल्या पेठा, बाजार, सोसायट्या आपल्याच कचऱ्याच्या वासात बसल्या होत्या. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथली आग इतकी भडकली की धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि जवळच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या शाळांत शिकणारी मुलं गोवंडी-मानखुर्दची होती. कचरा मात्र सगळ्या मुंबईचा होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आम्ही वेगळा करून देतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात, मग उपयोग काय? हा आक्षेप बऱ्याच ठिकाणी खरा आहे, आणि त्याबद्दल महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली, तशी तो वेगळा उचलण्याची जबाबदारी पालिकांवरही टाकली. तक्रार करा, फोटो काढा, नगरसेवकाच्या मागे लागा. पण तुमच्या बाल्कनीतल्या बादलीत जिरलेला कचरा कुणालाच कशात मिसळता येत नाही. व्यवस्था सुधारण्याची वाट न बघता करता येण्यासारखं असं दुसरं काम मला माहीत नाही.

आता बादलीकडे वळू. बाजारात खतासाठी सुबक मातीचे रांजण मिळतात, ऐपत आणि हौस असेल तर जरूर घ्या. नसेल तर घराला रंग दिल्यावर उरलेल्या वीस लिटरच्या बादल्या पुरतात. चौघांच्या घराला अशा तीन लागतात. बाजूने आणि तळाला बोटभर अंतरावर भोकं पाडा, कारण हवा खेळली पाहिजे. हवा असली की कुजण्याची तऱ्हाच बदलते. मिथेन होत नाही, वास मातीचा येतो. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काड्या घाला आणि खाली एक ताटली ठेवा.

मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर तितकाच, शंका आली तर दुप्पट, पाचोळा हाताने चुरून पसरायचा. सुरुवातीला मूठभर तयार खत किंवा शेणकाला घाला. दुधाला विरजण लावावं तसं हे असतं, जिवाणूंची पहिली पिढी त्यातून येते. दोन्ही नसेल तर आंबट ताक चालतं. तीन-चार दिवसांनी एकदा काडीने खालीवर करा. कचरा खाली बसत जातो, त्यामुळे एक बादली भरायला साधारण तीन आठवडे लागतात. तिसरी भरेपर्यंत पहिलीतलं खत काळंभोर झालेलं असतं. चाळून घ्या, वरचा चोथा पुन्हा बादलीत टाका.

पाचोळा कुठला, हेही महत्त्वाचं. पुण्याच्या रस्त्यांवर वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर भरपूर आहेत. त्यांची बारीक पानं लवकर कुजतात, चिंचेचीही तशीच. आंबा, फणस, वड यांची पानं जाड असतात, ती गोणीत घालून पायाने तुडवली तर चालतील. निलगिरीची टाळा. रस्त्यावरून गोळा करताना गुटख्याच्या पुड्या आणि प्लॅस्टिकचे तुकडे निवडून काढावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही. ज्यांच्याकडे झाडं नाहीत त्यांनी ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारावं. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा नागरिकांचा उपक्रम नेमकं हेच करतो: ज्यांना पानं नकोशी झाली आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशांची गाठ घालून देतो. अगदीच काही मिळालं नाही तर सुताराकडचा लाकडाचा भुसा आणा. प्लायवूडचा मात्र नको.

हाच पाचोळा सकाळी झाडून, ढीग करून पेटवण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. दंड कुणाला झाल्याचं क्वचितच ऐकू येतं. पण सफाई करणाऱ्या मावशींवर किंवा वॉचमनवर ओरडून काही होत नाही. त्यांना पानं टाकायला जागा द्या, गोण्या द्या. धूर त्यांच्याच नाकातोंडात जात असतो, त्यांना काही जाळायची हौस नाही.

सध्या आंब्याचे दिवस आहेत, त्यामुळे बादलीची खरी परीक्षा आत्ताच आहे. आमरसाच्या एका जेवणानंतर सालींचा आणि कोयींचा ढीग पडतो. साली गोड असतात, त्यावर चिलटं लगेच येतात. साली बारीक करून वर पाचोळ्याचा जाड थर द्या आणि बादलीच्या तोंडाला जुन्या धोतराचं किंवा ओढणीचं कापड बांधा. कोयी महिनोन्महिने कुजत नाहीत. त्या वेगळ्या वाळवा, फोडून आतली बी भाजून मुखवासात घाला, आपल्या आज्या करतच होत्या. कलिंगडाच्या सालीचा आतला पांढरा भाग किसून थालिपिठात चालतो आणि फ्लॉवरचे दांडे सांबारात. पोळी उरली तर फोडणीची पोळी आहेच. बादलीत अन्न कमी जाणं हेच मुळात चांगलं, खत हा दुसरा पर्याय आहे. उरलेलं शिजवलेलं अन्न थोडं घातलं तर बिघडत नाही, पण तेलकट रस्से, मासळी आणि हाडं नव्या माणसाने घालू नयेत. उंदीर-घुशींना निमंत्रण नको.

पांढऱ्या अळ्या दिसल्या की पुष्कळ लोक बादली फेकून देतात. तसं करू नका. त्या बहुतेकदा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. नकोशा वाटत असतील तर कोरडा पाचोळा वाढवा, त्या कमी होतात. वास आला तरी पाचोळाच. पाणी गळायला लागलं तरी पाचोळाच. अगदी कोरडं पडून काही होतच नसेल तरच पाणी शिंपडा. आणि दुकानात ‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्या या बादलीत टाकू नका. त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, घरच्या बादलीत त्या तशाच राहतात.

खताचं काय करायचं, असं ज्यांच्याकडे कुंडी नाही ते विचारतात. इमारतीतल्या झाडांना घाला, रस्त्यावरच्या झाडाच्या आळ्यात घाला, गावी जाताना पिशवीभर घेऊन जा. पण खरी गंमत भाजी लावण्यात आहे. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून साध्या शेतकऱ्यांना आणि शहरातल्या माणसांनाही हेच शिकवलं होतं: ऊन, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा एवढ्या भांडवलावर गच्चीवर अन्न पिकतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्यांची आणि फळझाडांची बाग उभी केली. तिथे ते जमलं, तर आपल्या दोन कुंड्यांत अळू आणि कढीपत्ता यायला काहीच हरकत नाही.

ओला कचरा थांबला की दारात उरतो सुका. तो कुणाच्या हातात जातो, हे पाहा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, आणि तिच्याच सभासद बायका आज हजारोंच्या संख्येने पुण्यात दारोदार कचरा गोळा करतात. सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे ही त्यांची कमाई आहे. तुमच्या बरबटलेल्या पिशवीत हात घालून त्या ती कमाई वेचतात. म्हणून दुधाची पिशवी विसळून, वाळवून द्या. तिचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता ठेवा, कारण तो चिमुकला तुकडा कुणी वेचू शकत नाही, तो थेट नाल्यात आणि मातीत जातो. फुटलेली काच, ब्लेड, सुया जाड कागदात गुंडाळून, तोंडी सांगून द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघायची पाळी त्यांच्यावर येणार नाही. बॅटऱ्या, बल्ब, मुदत संपलेली औषधं एका डब्यात साठवा आणि वेगळी द्या. इतकी साधी माणुसकी दाखवायला कुठल्याही मोहिमेची वाट बघायची गरज नाही.

वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि सॉसच्या पुड्या भंगारवालाही घेत नाही. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहज वेगळे होत नाहीत. अशा वस्तूंचा एकच इलाज आहे, त्या कमी आणणं. महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी केली २०१८ मध्ये, केंद्राने एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी आणली जुलै २०२२ मध्ये. तरीही भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागितली की मिळते. मागायची थांबली की त्याची आणायची थांबेल, तो काही हौसेने ठेवत नाही. हॉटेलातून पार्सल आणायला घरचा डबा न्यायची लाज वाटत असेल तर ती एकदाच वाटते.

येत्या पंधरवड्यात शाळा सुरू होतील आणि घरोघर वह्यांची खरेदी सुरू होईल. त्याआधी मागच्या वर्षीच्या वह्या उघडा. बहुतेक वह्यांत शेवटची पंधरावीस पानं कोरी असतात. ती काढून, शिवून, पुठ्ठा लावला की कच्च्या कामाच्या दोन-तीन वह्या होतात. दप्तर धुऊन, चेन बदलून आणखी एक वर्ष चालतं. पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं नकोत, खाकी कागद किंवा जुनं कॅलेंडर पुरतं. मुलांना हे काम आवडतं, मोठ्यांना वेळ नसतो. यंदा काढा.

शेवटची विनंती सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना आहे, कारण घरोघरी बादल्या ठेवण्यापेक्षा इमारतीने एकत्र केलेलं काम सोपं आणि टिकाऊ असतं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्य तितका जागेवरच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत स्पष्ट होतं. मुंबई महापालिकेने तर २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या संकुलांना ओला कचरा जागेवरच जिरवायला सांगितलं होतं. पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलतही मिळते. कित्येक सोसायट्यांत बिल्डरने खताचे खड्डे बांधून दिलेले असतात आणि त्यांत सध्या मोडक्या खुर्च्या, जुन्या फरशा आणि कुणाची तरी लहान मुलाची सायकल पडलेली असते. ते खड्डे या आठवड्यात रिकामे करा, डागडुजी करा, वर पत्रा टाका. देखभाल करणाऱ्या माणसाला हातमोजे, फावडं आणि कामाचे वेगळे पैसे द्या, कारण हे काम फुकटात कुणाच्या गळ्यात मारलं की ते महिनाभरात बंद पडतं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्या. पार्किंगचं भांडण नंतरही करता येईल.